डी ड्राइव्ह ११ टक्क्यांवर अडकलाय, चेकडिस्क मारून रात्रभर सोडू का?

प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओ आहे. विंडोज १० चा डेस्कटॉप, आत १ टीबीची जुनी हार्ड डिस्क. एडिटिंग चालू असताना लाइट गेली, यूपीएसची बॅटरी बसलेली होती, मशीन धाडकन बंद पडलं. तेव्हापासून चालू केलं की काळ्या पडद्यावर 'स्कॅनिंग अँड रिपेअरिंग ड्राइव्ह डी' येतं आणि आकडा ११ टक्क्यांवर थांबतो. अर्धा तास वाट पाहून बंद करावं लागतं. ओळखीच्या एकाने सांगितलं, 'चेकडिस्क स्लॅश आर मार आणि रात्रभर सोडून दे, सकाळी होऊन जाईल.' डी मध्ये दोन सीझनच्या लग्नांचे फोटो आहेत, दुसरीकडे कॉपी नाही. तर हे करावं का?

आज रात्री नको. चेकडिस्क, म्हणजे विंडोजमधला ड्राइव्ह तपासून दुरुस्त करणारा प्रोग्राम, वाईट नाही, पण तुमच्या बाबतीत तिचा नंबर तिसरा आहे. आधी डिस्कची तब्येत बघायची, मग फोटो दुसऱ्या डिस्कवर काढायचे, आणि नंतर दुरुस्ती. हा क्रम उलटा झाला की माणसं डिस्क घेऊन डेटा रिकव्हरीवाल्याकडे येतात आणि पहिलं वाक्य हेच असतं, 'चेकडिस्क केल्यावर फोल्डरच गायब झाला.'

असं का होतं ते कळायला डिस्कवर दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे डोक्यात पक्कं हवं. एक म्हणजे प्रत्यक्ष पृष्ठभाग, जिथे बिट साठतात. दुसरी म्हणजे फाइल सिस्टम, म्हणजे कुठली फाइल कुठल्या जागेवर आहे याची नोंद. जमीन आणि सातबारा यांच्यात जो फरक आहे, तोच इथे. जमीन जागच्या जागी असते, पण उताऱ्यावर नावच नसेल तर ती कुणाचीच नाही. आणि उतारा कितीही चोख असला तरी जमीन नदीने खाल्ली असेल तर कागदाला अर्थ नाही. चेकडिस्क हा कागद तपासणारा प्रोग्राम आहे. जमीन दुरुस्त करणं त्याच्या हातात नाही.

विंडोजमध्ये ही नोंद एनटीएफएस नावाच्या पद्धतीने ठेवली जाते. १९९३ साली विंडोज एनटीबरोबर ती आली आणि आजही तीच चालू आहे. तिच्या मुळाशी मास्टर फाइल टेबल नावाचा तक्ता असतो. प्रत्येक फाइलची त्यात किमान एक नोंद असते आणि ती साधारणपणे १ केबीची असते. नाव, तारीख, आकार, परवानग्या आणि फाइलचे तुकडे डिस्कवर कुठे पडलेत, हे सगळं त्यात. फोल्डर म्हणजे या नोंदींची वेगळी सूची. कुठली जागा वापरात आहे आणि कुठली मोकळी, याचा आणखी एक नकाशा. हे तिन्ही एकमेकांशी जुळले पाहिजेत. एक फाइल सेव्ह करताना या तिन्ही ठिकाणी लिहावं लागतं, आणि लाइट नेमकी त्याच्या मध्येच गेली तर एकीकडे नोंद झालेली असते, दुसरीकडे नाही.

यावर उपाय म्हणून एनटीएफएस बदल करण्याआधी तो एका लॉगमध्ये टिपून ठेवते. पुन्हा चालू झाल्यावर लॉग वाचून अर्धवट बदल पुरा करायचा किंवा रद्द करायचा. म्हणूनच महाराष्ट्रभर रोज लाइट जाऊनही बहुतेक संगणक सकाळी निमूट चालू होतात. पण हा लॉग फक्त नोंदींचा असतो, फाइलच्या आतल्या मजकुराचा नसतो. त्यामुळे तुम्ही त्या क्षणी सेव्ह करत असलेली फाइल अर्धवट राहू शकते आणि तरीही चेकडिस्क 'सगळं ठीक' म्हणेल. तिच्या दृष्टीने ते खरंच ठीक आहे. नोंद जुळते आहे.

लॉगनेही काम भागलं नाही, किंवा विंडोजला नोंदींत विसंगती दिसली, तर त्या ड्राइव्हवर 'डर्टी' अशी एक खूण लागते. ती असली की पुढच्या वेळी विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी सुरू होते. तुमच्या पडद्यावर दिसतंय ते हेच. तुम्ही मध्येच बंद करता, खूण तशीच राहते, पुन्हा तेच चक्र.

आता चेकडिस्क नेमकं काय करते ते सांगतो, म्हणजे मी एवढं का अडवतोय ते कळेल. तिचं काम ड्राइव्ह पुन्हा सुसंगत करणं हे आहे. तुमचे फोटो वाचवणं हे तिचं काम नाही. बहुतेक वेळा दोन्ही एकाच दिशेने जातं, पण जिथे रस्ते फुटतात तिथे ती सुसंगतीच निवडते. एखादी नोंद वाचताच येत नसेल तर ती नोंद काढून टाकते. फोल्डरची सूची मोडलेली असेल तर नव्याने बांधते. ज्यांचा फोल्डर सापडत नाही अशा फाइल उचलून 'फाउंड' आणि पुढे तीन शून्य अशा नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये टाकते, किंवा नाव गमावलेल्या तुकड्यांना एका ओळीने क्रमांक देऊन 'सीएचके' शेपटीच्या फाइल बनवते. बंद पडू घातलेल्या डिस्कवर तर एखादी नोंद केवळ त्या क्षणी वाचता आली नाही म्हणूनही मोडीत निघू शकते. रिकव्हरीवाला तीच जागा सबुरीने पुन्हा पुन्हा वाचून कदाचित नोंद मिळवू शकला असता. चेकडिस्कने वरून लिहिल्यावर ती संधी गेली. आणि या प्रोग्रामला मागे फिरण्याचं बटण नाही.

कमांड टाइप करायच्या त्या रोमन अक्षरांतच. इथे मी उच्चार लिहितोय. चेकडिस्क म्हणजे सी, एच, के, डी, एस, के. नुसती चालवली तर ती फक्त वाचते आणि सांगते, काही बदलत नाही. स्लॅश एफ लावला तर नोंदी दुरुस्त करते. स्लॅश आर मध्ये एफचं सगळं काम असतं, वर ती डिस्कचा प्रत्येक भाग, वापरातला आणि मोकळाही, वाचून बघते. वाचता न आलेला तुकडा एखाद्या फाइलमध्ये असेल तर त्याला खराब म्हणून नोंदवते आणि त्या फाइलला दुसरीकडे नवा तुकडा देते. फाइल उघडते, पण त्या जागी मूळ मजकूर नसतो. जेपेगमध्ये असा ४ केबीचा तुकडा गेला की फोटोच्या वरचा भाग नीट, आणि तिथून खाली राखाडी किंवा भलत्याच रंगाचे पट्टे. तुम्ही असे फोटो नक्की पाहिले असतील.

म्हणून 'स्लॅश आर मार' हा सल्ला मला सर्वांत जास्त खटकतो. ठणठणीत डिस्कवर त्याची गरज नसते आणि आजारी डिस्कला तो झेपत नाही. १ टीबीची डिस्क सेकंदाला १०० ते १५० एमबी वाचते असं धरलं तरी एकदा पूर्ण वाचायला दोन ते तीन तास हवेत, आणि ते सगळं सुरळीत असेल तर. खराब जागा लागली की डिस्क स्वतःच आतल्या आत पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, एकेका जागेवर कितीतरी सेकंद घालवते. अशा काही हजार जागा असतील तर रात्र काय, दोन दिवस पुरणार नाहीत. आणि हे सगळे तास ती डिस्क मरणाच्या दिशेने ढकलली जाते, तेही एकाही फोटोची कॉपी न होता.

गूगलने २००७ साली आपल्याकडच्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक सापडल्यानंतरच्या ६० दिवसांत ती डिस्क बंद पडण्याची शक्यता, चूक न सापडलेल्या डिस्कच्या ३९ पट निघाली. म्हणजे खराब सेक्टर (पृष्ठभागावरचे छोटे कप्पे) 'लॉक' करून डिस्क पुन्हा कामाला जुंपायची ही जी दुकानांतली पद्धत आहे, तिला आकड्यांचा आधार नाही.

११ टक्क्यांवर अडकणं म्हणजे डिस्क गेली असं मात्र समजू नका. ते टक्के वेळेच्या प्रमाणात चालत नाहीत. पहिल्या तीन टप्प्यांत नोंदी, फोल्डरच्या सूची आणि परवानग्या तपासल्या जातात. त्याला लागणारा वेळ डिस्कच्या आकारावर नाही, फाइलच्या संख्येवर ठरतो. मोठमोठ्या व्हिडिओंनी भरलेली ४ टीबीची डिस्क झटकन उरकते आणि छोट्या थंबनेलनी भरलेली ५०० जीबीची तास खाते. तुमच्याकडे फोटो, त्यांचे प्रिव्ह्यू, अल्बमच्या एडिट फाइल मिळून काही लाख फाइल सहज असतील. कॅबिनेटवरचा डिस्कचा दिवा बघा आणि कान लावा. दिवा अनियमित लुकलुकतोय, आवाज नेहमीसारखी कुरकुर, तर काम चालू आहे. दिवा सलग पेटलेला आणि ठरावीक अंतराने तोच तो 'टक… टक' किंवा डिस्क थांबून पुन्हा फिरायला लागल्याचा आवाज, तर लगेच वीज बंद करा आणि पुढचं काहीही स्वतः करू नका. अशी डिस्क घरी उघडायची नाही आणि फ्रीजरमध्येही ठेवायची नाही, कुणी कितीही छातीठोकपणे सांगितलं तरी. ती ज्याच्याकडे धूळमुक्त कक्ष आहे अशा रिकव्हरीवाल्याकडे जाते.

आवाज ठीक असेल तर पुढे चला. आधी तो पडदा ओलांडायचा आहे. तपासणी सुरू होण्याआधी काही सेकंद 'स्किप करायला कोणतंही बटण दाबा' अशी सूचना येते, तेव्हा दाबा. वायरलेस कीबोर्ड त्या क्षणी बहुधा जागा झालेला नसतो, वायरचा लावा. विंडोजमध्ये शिरल्यावर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि 'चेकएनटीएफएस' (सी, एच, के, एन, टी, एफ, एस), स्पेस, स्लॅश एक्स, स्पेस, डी कोलन असं द्या. यामुळे डी सुरुवातीच्या तपासणीतून वगळला जातो. काम झाल्यावर हीच कमांड स्लॅश डी लावून चालवली की मूळ स्थिती परत येते. हे विसरू नका.

मग डिस्क मॅनेजमेंट उघडून बघा, सी आणि डी एकाच डिस्कवर आहेत का. आपल्याकडे मशीन जोडून देणारे एकाच डिस्कचे सी, डी, ई असे तुकडे करून देतात आणि गिऱ्हाइकाला वाटतं, विंडोज वेगळीकडे आहे, डेटा वेगळीकडे. ती वाटणी कागदावरची आहे. पृष्ठभाग डी मध्ये बिघडत असेल तर सी त्याच तबकड्यांवर, त्याच हेडखाली बसलाय. तसं असेल तर त्या डिस्कवरून विंडोज चालवत राहणं हाच तिच्यावर भार आहे. उबंटू या मोफत लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून, म्हणजे डिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरूनच चालणाऱ्या सिस्टमने, मशीन चालू करून डी फक्त वाचण्यासाठी उघडणं आणि फोटो काढणं जास्त बरं.

तब्येत बघायला क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम पुरेसा आहे. डिस्क स्वतःबद्दल ज्या नोंदी ठेवते, ज्यांना स्मार्ट म्हणतात, त्या तो दाखवतो. वरचा 'गुड' हा निळा शिक्का बघून समाधान मानू नका. क्रमांक ०५ बघा: डिस्कने खराब म्हणून बाजूला काढून राखीव जागेत हलवलेले सेक्टर. सी५, म्हणजे १९७: वाचता येत नाहीत म्हणून निकालाची वाट बघणारे सेक्टर. सी६, म्हणजे १९८: प्रयत्न करूनही न सुधारलेले. हे तिन्ही शून्य हवेत. आकडे सोळा-आधारी पद्धतीत दिसतात, म्हणजे १० लिहिलं असेल तर ते १६ असतात. फंक्शन मेनूत जाऊन रॉ व्हॅल्यू दशमानात करून घ्या. सीगेटच्या डिस्कवर ०१ आणि ०७ समोर भलेमोठे आकडे दिसतात, त्यांना घाबरून अनेकांनी चांगल्या डिस्क फेकून दिल्या आहेत; त्या कंपनीच्या डिस्कमध्ये ते तसेच असतात.

लाइट जाण्याच्या प्रकरणात १९७ जरा सांभाळून वाचावा लागतो. डिस्क एखादा सेक्टर लिहीत असतानाच वीज गेली तर मजकूर आणि त्याची पडताळणी जुळत नाही, आणि तो सेक्टर वाचता येत नाही, जरी तबकडी तिथे शाबूत असली तरी. त्यावर पुन्हा लिहिलं की तो बरा होतो आणि आकडा उतरतो. त्यामुळे १९७ मध्ये दोन-चार आणि ०५ मध्ये शून्य असेल तर मी लगेच फाशी सुनावणार नाही. पण ०५ मध्ये शेकडो, आणि आठवड्याने बघितलं तर वाढलेले, तर त्या डिस्कशी संबंध संपला.

आणखी एक क्रमांक, सी७, म्हणजे १९९. हा डिस्कचा नसून वायरचा आजार. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यात साटाच्या वायरवरून जाताना मजकूर बिघडल्याचे प्रसंग यात मोजले जातात. हा वाढत असेल तर मशीन बंद करून ती लाल किंवा काळी वायर बदला, पोर्टही बदला. अगदी स्वस्तातलं काम आहे, आणि फाइल सिस्टम वारंवार बिघडण्याचं हे कारण शेवटपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. आकडा मागचा खाली येत नाही, तो वाढायचा थांबला की झालं.

हे आकडे शून्य असले तरी डिस्क निर्दोष ठरत नाही. वर सांगितलेल्या त्याच अभ्यासात, बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त डिस्कनी स्मार्टच्या चार महत्त्वाच्या नोंदींपैकी एकातही आधी काही दाखवलं नव्हतं. म्हणून इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोज घडलेल्या घटना जिथे टिपून ठेवते तिथे, सिस्टम लॉगही बघा. 'डिस्क' नावाखाली ७ क्रमांक म्हणजे खराब ब्लॉक, १५३ म्हणजे वाचन पुन्हा करावं लागलं. 'एनटीएफएस' नावाखाली ५५ म्हणजे नोंदी बिघडल्या. फक्त ५५ असेल आणि ७ किंवा १५३ कुठेच नसतील तर दोष लाइट जाण्याचा, डिस्कचा नव्हे, असा माझा कल राहील.

आता कॉपी. नवी बाहेरची डिस्क लावा आणि आधी ज्या गिऱ्हाइकांचे अल्बम द्यायचे बाकी आहेत तेच फोल्डर उचला. अख्खा डी एकदम ओढू नका. एक्सप्लोररमधून कॉपी करताना एक खराब फाइल आली की तो थांबून विचारत बसतो, म्हणून रोबोकॉपी वापरा. ती विंडोजमध्येच असते. स्रोत, ठिकाण, मग स्लॅश ई, स्लॅश आर कोलन १, स्लॅश डब्ल्यू कोलन १. इथला आर चेकडिस्कचा आर नव्हे. तो सांगतो की फाइल वाचता आली नाही तर एकदाच पुन्हा प्रयत्न कर, आणि डब्ल्यू सांगतो की मध्ये एकच सेकंद थांब. हे दोन दिले नाहीत तर रोबोकॉपी एका फाइलसाठी दहा लाख वेळा प्रयत्न करते, दर वेळी ३० सेकंद थांबून. माणूस सकाळी येऊन बघतो तर कॉपी पहिल्याच फोल्डरवर.

०५ आणि १९७ भरपूर असतील तर फाइल कॉपी करण्याऐवजी लिनक्सवर जीएनयू डीडीरेस्क्यूने अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत काढतात. तो सोपा भाग आधी उचलतो, अवघड जागा मागे ठेवतो आणि कुठे काय झालं याची नोंद ठेवतो, त्यामुळे मध्येच बंद पडला तरी तिथूनच पुढे चालू करता येतो. नंतर चेकडिस्क, रिकव्हरी, जे करायचं ते त्या प्रतीवर. स्रोत आणि ठिकाण उलटं दिलं तर रिकामी डिस्क तुमच्या फोटोंवर उमटेल, तेव्हा सवय नसेल तर सवय असलेल्याला शेजारी बसवा.

फोटो सुरक्षित झाले की दुरुस्ती. आता चेकडिस्क हवी तेवढी चालवा, गमावण्यासारखं काही नाही. सुरुवात 'चेकडिस्क डी कोलन स्लॅश स्कॅन'ने. ही सोय २०१२ च्या विंडोज ८ पासून आली. ड्राइव्ह वापरात असतानाच ती तपासते, जमेल तेवढं जागेवर दुरुस्त करते आणि उरलेलं टिपून ठेवते. ते टिपलेलं नंतर 'स्लॅश स्पॉटफिक्स' काही सेकंदांत सोडवते. एवढ्याने भागलं नाही तर स्लॅश एफ. डी वर काही उघडं असेल तर ती 'ड्राइव्ह वापरात आहे, पुढच्या वेळी सुरू होताना तपासू का' असं विचारते, तेव्हा वाय द्या. डी आधी वगळला असेल तर तो चेकएनटीएफएस स्लॅश डीने परत घेऊनच. हे काम चालू असताना लाइट जाणं परवडणारं नाही. ६०० व्हीएच्या यूपीएसवर डेस्कटॉप काही मिनिटं टिकतो, तास नाही; लोडशेडिंगचं वेळापत्रक बघून, किंवा इन्व्हर्टरवर घेऊन करा.

शेवटी आलेला मजकूर वाचायचा असतो, आणि नेमकं तेच कुणी करत नाही. सुरुवातीला झालेल्या तपासणीचा पडदा निघून गेला असला तरी इव्हेंट व्ह्यूअरच्या ॲप्लिकेशन लॉगमध्ये 'विनइनिट' नावाखाली १००१ क्रमांकाने तो सगळा जपलेला असतो. विंडोजमधून चालवलेल्या तपासण्या 'चेकडिस्क' नावाखाली. त्यात न वापरलेल्या सूची-नोंदी साफ केल्याच्या ओळी असतील तर दुर्लक्ष करा, तो झाडूपोछा आहे. अनाथ फाइल पुन्हा फोल्डरमध्ये बसवल्याच्या ओळी म्हणजे कामाची दुरुस्ती झाली. फाइलमधले खराब क्लस्टर बदलल्याची ओळ असेल तर त्या नावाचा फोटो उघडून बघा, आणि बिघडला असेल तर तुमच्या कॉपीतला घ्या. अगदी खाली 'इतके केबी खराब सेक्टरमध्ये' अशी ओळ असते. तिथे शून्य हवं.

कधी कधी चेकडिस्क स्वतःच 'अनस्पेसिफाइड एरर' म्हणून थांबते आणि कंसात अक्षरं-आकड्यांची एक लांब माळ दाखवते. त्यातली सर्वांत जास्त दिसणारी माळ उलगडली तर 'व्हॉल्यूम डॉट सी' असा शब्द निघतो, म्हणजे ज्या सोर्स फाइलमध्ये प्रोग्राम अडखळला तिचं नाव. त्यावरून तुम्हाला काहीच कळत नाही, पण मला दर वेळी गंमत वाटते. असं झालं तर विंडोजच्या रिकव्हरीतून कमांड प्रॉम्प्ट उघडून पुन्हा बघा. तिथे ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात, तेव्हा 'डिर' ही फाइलची यादी दाखवणारी कमांड देऊन डी म्हणजे आपलाच डी ना, याची खात्री करा. आणि 'ड्राइव्ह रॉ आहे, चेकडिस्क चालणार नाही' असं आलं तर विंडोजने विचारलेल्या फॉरमॅटला हो म्हणू नका. नोंदींचं पहिलं पानच गेलंय, फोटो बहुधा आहेत.

चेकडिस्कवर आंधळा विश्वास नको याला आणखी एक दाखला आहे. डिसेंबर २०२० मध्ये विंडोज १० च्या एका अपडेटनंतर काही मशीनवर स्लॅश एफ चालवल्यानेच फाइल सिस्टम बिघडत होती आणि मशीन सुरू होत नव्हतं. मायक्रोसॉफ्टने ते मान्य करून दुरुस्तही केलं. दुर्मिळ प्रकार, पण ज्यांच्याकडे कॉपी होती त्यांची फक्त एक संध्याकाळ गेली.

तुमच्याकडे त्याच मशीनवर लिनक्सही असेल तर दोन गोष्टी. विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. ते चालू असलं की 'शट डाउन' केल्यावरही विंडोज ड्राइव्ह अर्धवट धरून ठेवते आणि दुसरीकडून त्यावर लिहिलं की नोंदींची खिचडी होते. दुसरं, लिनक्समधलं 'एनटीएफएसफिक्स' हे चेकडिस्कचा पर्याय नाही. ते मोजक्या चुका सुधारतं, लॉग पुसतं आणि विंडोजला तपासणीची आठवण करून देतं, बस. लिनक्सच्या स्वतःच्या ड्राइव्हसाठी 'एफएससीके' आहे, आणि तो ड्राइव्ह माउंट, म्हणजे वापरासाठी जोडलेला, असताना दुरुस्तीला कधीच चालवायचा नाही. मॅकवाल्यांनी डिस्क युटिलिटीत फर्स्ट एड.

स्टुडिओ आहे म्हणून कॅमेऱ्याच्या कार्डांबद्दलही सांगतो, कारण तिथे हाच गोंधळ जास्त होतो. ६४ जीबी आणि वरची कार्डं सहसा एक्सफॅट या दुसऱ्या फाइल सिस्टमची असतात. त्यात एनटीएफएससारखा लॉगच नाही, त्यामुळे कार्ड चालू कॅमेऱ्यातून ओढून काढलं की नोंदी लगेच तुटतात. अशा कार्डावर विंडोज 'स्कॅन अँड फिक्स' विचारते; नाही म्हणा. आधी फोटोरेक या मोफत प्रोग्रामने फोटो दुसऱ्या डिस्कवर काढा. तो नोंदी बघतच नाही, थेट जेपेगची सुरुवात ओळखून फाइल उचलतो. नावं जातात, फोटो येतात. मग कार्ड संगणकात नव्हे, कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा.

राहिली ती जुनी डिस्क. सगळे फोटो नव्या डिस्कवर आले, उघडून पाहिले, त्यांची दुसरी प्रतही झाली, की जुन्या डिस्कवरचा डी पूर्ण फॉरमॅट करा, 'क्विक'ची खूण काढून. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट प्रत्येक जागेवर शून्य लिहितो, म्हणजे अर्धवट राहिलेले सेक्टर तिथेच निकाली निघतात. त्यानंतर पुन्हा आकडे बघा. १९७ शून्यावर आला आणि ०५ जागचा हलला नसेल तर दोष लाइटचाच होता, डिस्क तिसऱ्या प्रतीसाठी ठेवा. १९७ उतरून ०५ चढला असेल, किंवा फॉरमॅट मध्येच अडकला, तर ती भंगारात. मात्र देण्याआधी तबकडीला ड्रिलने दोन-तीन भोकं पाडा; गिऱ्हाइकांच्या घरातले फोटो आहेत त्यात.